मदत हवी आहे: अहिराणी ब्लॉगांवरचं नवीन लिखाण एकाच जागी कसं वाचायचं? (फीड, आरएसएस वगैरे)

तापीकाठ, चोपडा

राम राम मंडळी. अहिराणी आणि लेवा गणबोली या आमच्या खानदेशी बोलींत कोण काय लिहितं ते गोळा करून ठेवायचा मला नाद आहे, म्हणी, कानबाईची गाणी, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, शेतीतले शब्द, जे सापडेल ते. आता ही लिहिणारी माणसं काही रोज लिहीत नाहीत ना, कुणी श्रावणात कानबाई आली की लिहितं, कुणी डायरेक्ट आखाजीला, मधे सहा सहा महिने सगळं सामसूम. आधी ब्लॉगवर ईमेल टाकायची चौकट असायची, नवीन पोस्ट आली की मेल यायचा, ते कधीच बंद पडलं. फेसबुकवर लिंक टाकतात काही जण पण ती आपल्याला दिसेलच असं नाही, आणि आठवड्यानंतर शोधायला गेलं तर सापडत नाही.

कुणीतरी सांगितलं फीड रीडर वापर म्हणून. मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं, ब्लॉगांचे पत्ते टाकले. एका ब्लॉगचं फक्त शीर्षक आणि दोन-तीन ओळी येतात. एकाला "फीड सापडलं नाही" म्हणतं. तिसऱ्याच्या जुन्या पोस्ट दिसतच नाहीत. शिवाय एका कॉलेजची साइट आहे, तिथे बोलीभाषेच्या चर्चासत्रांच्या सूचना नुसत्या पीडीएफमध्ये टाकतात, तिचं काय करायचं? फोन साधा अँड्रॉइड आहे, आणि शेतात सातपुड्याच्या बाजूला गेलं की नेट जातं म्हणून आधी उतरवून ठेवून नंतर वाचता आलं तर फार बरं होईल. माहितगारांनी सांगा प्लीज.

पांझरा

बठ्ठं सोपं शे भाऊ. ते मेल बहुतेक गूगलच्या फीडबर्नर सेवेवरून यायचे, त्यांनी ईमेलची सोय २०२१ मध्ये बंद केली. पण ब्लॉगचं स्वतःचं फीड चालूच असतं, ते वेगळं. फीड म्हणजे साइटवरचीच एक फाइल, तिच्यात अलीकडच्या पोस्टांची नावं, तारखा, लिंका आणि मजकूर असतो, आपला रीडर ती फाइल अधूनमधून उघडून बघतो आणि नवीन काही दिसलं की दाखवतो. म्हणूनच तुम्ही म्हणता तसल्या वर्षातून चारदा लिहिणाऱ्यांसाठी हीच सोय खरी कामाची, रोज जाऊन बघायची गरजच नाही.

ब्लॉगस्पॉटचा ब्लॉग असेल तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डीफॉल्ट जोडा, वर्डप्रेस असेल तर नुसतं स्लॅश फीड. इंग्रजी स्पेलिंगमध्येच टाकायचं अर्थात. दोन-तीन ओळीच येतात ते ब्लॉगवाल्याने सेटिंगमध्ये फीड छोटं ठेवलंय म्हणून, त्यांना विनंती करा, एका मिनिटाचं काम आहे. नाहीतर फीडर नावाचं ॲप घ्या, फुकट आहे, खातंही उघडावं लागत नाही, आणि त्यात पूर्ण लेख उतरवून ठेवायचा पर्याय आहे, म्हणजे तुमचा शेतातला प्रश्नपण सुटला.

अमळनेरकर

पांझराभाऊंनी सांगितलं ते बरोबर, थोडी भर घालतो. जुन्या पोस्ट दिसत नाहीत कारण फीडमध्ये शेवटच्या मोजक्याच पोस्ट असतात, वर्डप्रेसवर मुळात १०, ब्लॉगस्पॉटवर २५. ब्लॉगस्पॉटच्या फीडला प्रश्नचिन्ह टाकून मॅक्स-रिझल्ट्स बरोबर १०० असं जोडलं तर जास्त येतात. वर्डप्रेसचं जुनं लिखाण मात्र ब्लॉगवर जाऊनच वाचा.

"सापडलं नाही" म्हणतं त्या साइटच्या पत्त्याआधी क्रोममध्ये व्ह्यू-सोर्स आणि कोलन टाका, पानाचा कोड उघडेल, त्यात आरएसएस किंवा ॲटम (फीडचे दोन प्रकार) हे शब्द इंग्रजीत शोधा. त्याच ओळीत एचरेफच्या पुढे जो पत्ता असेल तेच फीड.

कॉलेजच्या पीडीएफवाल्या पानाला बहुतेक फीड नसणारच. अशा पानासाठी व्हिज्युअलपिंग किंवा डिस्टिल वापरा, पानात काही बदललं की मेल येतो. फक्त सूचनांच्या यादीचाच भाग निवडा, पूर्ण पान निवडलं तर वरची सरकती पट्टी बदलली तरी मेल येत बसतील. आणि हो, अहिराणी गाणी आता जास्त यूट्यूबवर येतात, तिथल्या प्रत्येक चॅनलला फीड असतं, चॅनलची लिंक रीडरमध्ये टाकून बघा, बरेच रीडर ते आपोआप ओळखतात.

तापीकाठ, चोपडा

दोघा भाऊंचे मनापासून आभार, काल रात्री बसून सगळं केलं. फीडरमध्ये पूर्ण लेख यायला लागले, आज कापसात बसून नेट नसताना कानबाईच्या रोटच्या गाण्यांवरचा अख्खा लेख वाचला, इतकं बरं वाटलं. कोडमध्ये शोधून त्या साइटचं फीडपण मिळालं पण ते टाकलं की एरर येतो, एक्सएमएल डिक्लरेशन सुरुवातीलाच पाहिजे असं काहीतरी. हे माझ्याकडून चुकतंय की त्यांच्याकडून?

अमळनेरकर

त्यांच्याकडून. डिक्लरेशन म्हणजे ही एक्सएमएल फाइल आहे असं सांगणारी ओळ, फीडच्या फाइलच्या अगदी पहिल्या अक्षरापासून ती सुरू व्हावी लागते, आधी एक कोरी ओळ आली तरी रीडर अडतो. वर्डप्रेसमध्ये थीमच्या किंवा प्लगिनच्या एखाद्या फाइलमध्ये फालतू कोरी ओळ राहिली की हेच होतं. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा फीड व्हॅलिडेटर, म्हणजे फीड तपासायचं पान, आहे, त्यात पत्ता टाकून जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट त्यांना पाठवा, साइट बनवणाऱ्याला लगेच कळेल. आणि रीडरमधून ओपीएमएल फाइल (तुमच्या सगळ्या फीडांची यादी) काढून ठेवा, फोन बदलला तरी सगळी यादी तशीच्या तशी दुसऱ्या रीडरमध्ये टाकता येते.

तापीकाठ, चोपडा

आत्ताच पाठवतो स्क्रीनशॉट. ओपीएमएल पण काढली, कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिच्यात सगळे जळगावकडचेच ब्लॉग आहेत, साक्री, शिरपूर, नंदुरबारकडचं कुणी लिहीत असेल तर पत्ते इथे टाका, वर्षातून एकदा लिहिणारे असतील तरी चालतील.