अनिश्चित काळासाठी नेमकं काय शिकून ठेवावं? सुरुवात कुठून करू?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. वय ३४, काम हिशेबाचं, दिवसभर स्क्रीनसमोर. गेल्या वर्षी आमचा निम्मा विभाग बंद झाला. माझी नोकरी राहिली, पण धाकधूक काही जात नाही. त्यात पूर, उष्णतेच्या लाटा, अचानक जाणारी वीज. रोज रात्री व्हिडिओ बघत बसते: आग पेटवणं, दोराच्या गाठी, बियाणं साठवणं. यादी वाढत चाललीय आणि हाताला काहीच येत नाही. घरात आईवडील आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. आठवड्याला चार-पाच तास काढू शकते. आधी काय शिकू?

जमाखर्च
तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च लगेच काढता येईल असा बाजूला ठेवा. नोकरीची भीती त्यानेच कमी होते, बाकी कशाने नाही. थोडी रोकड घरातही असू द्या. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली तेव्हा कार्डं चालेनात, मोबाइलचं नेटवर्क कोलमडलं आणि लोक बॅटरीवरच्या रेडिओवर बातम्या ऐकत उभे होते. महत्त्वाच्या कागदांच्या प्रती आणि दहा-बारा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा.

निवृत्त_सिस्टर
कोरी_पाटी, तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगंतुगं करते. माझी उभी हयात अपघात विभागात गेली, आता प्रथमोपचाराचे वर्ग घेते. ती यादी आज बंद कर. घरात सत्तरीपुढची दोन माणसं आहेत ना, मग आधी सीपीआर शीक, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. आग पेटवायची वेळ तुझ्यावर कदाचित कधीच येणार नाही. घरात कुणी कोसळण्याची वेळ मात्र कुणावरही येते.

हे व्हिडिओ बघून का येत नाही ते सांगते. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, हाडावर. दुसरा हात त्यावर. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. पाच ते सहा सेंटिमीटर दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वाचताना सोपं वाटतं. वर्गात सरावाच्या पुतळ्यावर हात ठेवला की जवळजवळ प्रत्येकाची कोपरं वाकतात, कारण समोरच्याला दुखेल ही भीती हातात उतरलेली असते. किती खोल दाबावं लागतं हे कळलं की चेहरे बदलतात. दोन मिनिटांत धडधाकट मुलंही धापा टाकतात, म्हणून दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा. शिवाय हे काही महिन्यांत विसरायला होतं, तेव्हा वर्ग एकदा करून भागत नाही. अधूनमधून हात फिरवत राहायचं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड थेट जखमेवर दाबून धर आणि थांबलं का हे बघायला सारखं उचलू नकोस. भाजलं तर अंगठ्या-बांगड्या लगेच काढायच्या आणि वीस मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट तर मुळीच नाही. वीस मिनिटं फार वाटतात, लोक दोन मिनिटांत हात काढून घेतात. घड्याळ लाव.

आणि शेजारी कोण राहतं ते माहीत करून घे. १९९५ च्या जपानमधल्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. मदतपथक पोचेपर्यंतचा वेळ त्यांच्याच हातात असतो. माझ्या मते खरी तयारी ही. कपाटात साठवलेल्या सामानावर लोक फार विसंबतात.

पाना_पक्कड
सिस्टरांशी सहमत. माझी एवढीच भर: घरात आत्ता जे बिघडलंय त्याच्यापासून दुरुस्ती शिका. पाण्याचा मुख्य वॉल्व्ह आणि विजेचं मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा, आणि वॉल्व्ह एकदा स्वतः फिरवून बघा. वर्षानुवर्षं हात न लागलेला वॉल्व्ह ऐन वेळी जाम निघतो. सायकल असेल तर पंक्चर काढायला शिका. ट्यूब चिकटवून भागत नाही, टायरच्या आतून बोटं जपून फिरवून काटा शोधावा लागतो, नाहीतर तीच ट्यूब पुन्हा फुटते. कारण शोधायची ती सवय पुढे सगळ्याच दुरुस्त्यांना उपयोगी पडते.

कोरी_पाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, वर्ग शोधते. पण मी मुळात घाबरट आहे. समोर कुणी पडलं तर मी गोठून जाईन असं वाटतं. मन घट्ट करायला काही शिकता येतं का?

निवृत्त_सिस्टर
येतं. भीती अनुभवी माणसालाही वाटते, फक्त पुढची कृती त्याच्या अंगवळणी पडलेली असते. म्हणून पहिली तीन वाक्यं पाठ कर आणि वर्गात मोठ्याने म्हण. खांदे हलवून, “ऐकू येतंय का?” मग एका माणसाकडे बोट दाखवून, “तुम्ही, निळा शर्ट, रुग्णवाहिकेला फोन लावा आणि लागला की मला सांगा.” नुसतं “कुणीतरी फोन करा” म्हटलं की जो तो दुसऱ्याची वाट बघतो. तिसरं, “तुम्ही इथे बसा, दोन मिनिटांनी माझ्या जागी या.” तोंडातून आवाज निघाला की हात चालतात, हे मी नवख्या मुलींच्या बाबतीत कितीदा तरी बघितलंय.

आणि झोप नीट घे गं. रात्रीचे ते व्हिडिओ बंद कर.

कोरी_पाटी
एक शेवटचं. तोंडाने श्वास द्यावाच लागतो का? त्याचीच जास्त धास्ती आहे.

निवृत्त_सिस्टर
मोठं माणूस अचानक कोसळलं, प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येतायत, तर शिकलेली नसलीस तरी फक्त छाती दाबत राहा. त्याचा खरोखर उपयोग होतो. लहान मूल असेल किंवा कुणी बुडालेलं असेल तर मात्र श्वासही लागतात. ते कागदावरून सांगण्यासारखं नाही, वर्गात पुतळ्यावर करून घे. वर्ग निवडताना प्रत्येकाला स्वतः हाताने करू देतात का, एवढं आधी विचार.