पहिले ख्रिस्ती हुतात्मे संत कसे झाले? ‘रोमचा शिक्का’ या म्हणण्याला उत्तर

निर्मळतळं (धागाकर्ती)

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाच्या निमित्ताने परवा इथे एकाने लिहिलं होतं: “ख्रिस्ती संत म्हणजे रोमचं सरकारी प्रमाणपत्र. फाईल वर जाते, कमिटी बसते, पोप सही करतो, माणूस संत होतो. आपल्याकडे मात्र संत लोक ठरवतात.” खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. गप्प बसणार होते, पण हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तरच लिहिते.

फाईल, कमिटी, सही हे सगळं आहे, पण फार उशिराचं. पोपने रीतसर कुणाला संत जाहीर केल्याची पहिली पक्की नोंद ९९३ सालची, आउग्सबुर्गचे बिशप उलरिक यांची. हा अधिकार फक्त पोपचा, हे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात आलं १२३४ मध्ये. त्यासाठीचं रोममधलं खातं निघालं १५८८ मध्ये. पेर्पेतुआ, लॉरेन्स, आग्नेस, सिप्रियन यांच्यापैकी एकाचीही फाईल कुठे गेली नाही, कारण जायला जागाच नव्हती.

मग हे संत झाले कसे? स्मुर्ना घ्या, आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. साधारण १५५ साली तिथल्या म्हाताऱ्या बिशपांना, पॉलिकार्पना, भर क्रीडांगणात जाळलं. तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी दुसऱ्या गावच्या मंडळींना लिहिलेलं पत्र आजही वाचता येतं. त्यात ते सांगतात की आम्ही त्यांची हाडं गोळा केली, ती आम्हाला रत्नांहून मोलाची आणि सोन्याहून सरस आहेत. ती योग्य जागी ठेवली, आता दरवर्षी तिथे जमून त्यांच्या हौतात्म्याचा दिवस हाच त्यांचा जन्मदिवस म्हणून पाळू. सगळी रीत एवढ्यात आली. हाडं, जागा, तारीख आणि दरवर्षी येणारी माणसं.

२५० साली रोमन साम्राज्याने ख्रिस्त्यांचा छळ केला तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन लपून होते. तिथून ते आपल्या पाद्र्यांना पत्राने बजावतात की तुरुंगात जे मरतात त्यांच्याही तारखा लिहून ठेवा, म्हणजे हुतात्म्यांबरोबर त्यांचीही आठवण करता येईल. आठ वर्षांनी, १४ सप्टेंबर २५८ ला, खुद्द सिप्रियनचा शिरच्छेद झाला. त्या वेळी जमलेल्या लोकांनी त्यांच्या पुढ्यात कापडं आणि रुमाल टाकले, रक्त टिपून घ्यायला. त्या रुमालांसाठी रोमहून परवानगी आणली होती का?

३५४ सालच्या रोमच्या एका पंचांगात हुतात्म्यांची यादी आहे. २० जानेवारी, फेबियन, कॅलिस्तसची दफनभूमी. १० ऑगस्ट, लॉरेन्स, तिबुर्तिना रस्ता. ओळी एवढ्याच. चमत्कार नाहीत, चरित्र नाही. कधी जायचं आणि कुठे जायचं, हे कळलं की झालं. त्याच यादीत ७ मार्चला पेर्पेतुआ आणि फेलिसिता आहेत, शेजारी फक्त ‘आफ्रिका’. या दोघींना कार्थेजच्या माणसांनी संत मानलं. रोमने नंतर त्यांना आपल्या पंचांगात घेतलं.

म्हणून ‘आपल्याकडे लोक ठरवतात, तुमच्याकडे पोप’ हे बोलणं थांबवा.

बखरवाचक

ताई, सनावळी बरोबर आहे, पण तुम्ही गोष्ट अर्धीच सांगितलीत. पोप नव्हता तर बिशप होता. तुम्हीच दिलेलं उदाहरण पाहा. तारखा लिहून ठेवा असं सांगणारे सिप्रियन कोण होते? बिशपच. यादी ज्याच्या हातात, संतपद त्याच्या हातात.

कार्थेजच्याच लुसिलाची गोष्ट का सोडलीत? श्रीमंत बाई. प्रसाद घेण्याआधी ती कुणा हुतात्म्याच्या हाडाचं चुंबन घ्यायची. सेसिलियन नावाच्या आर्चडीकनने, म्हणजे बिशपच्या मुख्य मदतनिसाने, तिला भर मंडळीत झापलं. का? तर तो हुतात्मा म्हणून अजून चर्चने मान्य केलेला नव्हता. म्हणजे चौथ्या शतकाच्या सुरुवातीलाच ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ असे दोन वर्ग होते. पुढे हाच सेसिलियन बिशप झाला, लुसिलाने विरोधकांच्या मागे पैसा उभा केला, आणि उत्तर आफ्रिकेचं चर्च शंभर वर्षांहून जास्त काळ दुभंगलं. त्या फुटीत एका हाडाचाही वाटा होता.

आणि रोमचे पोप दामासस, ३६६ ते ३८४. भुयारी दफनभूमीतल्या थडग्यांवर संगमरवरी शिलालेख बसवले, सुंदर कोरीव अक्षरात, स्वतः रचलेल्या कवितांचे. निवडणुकीत रक्त सांडून गादीवर आलेला माणूस हुतात्म्यांच्या थडग्यांवर आपलं नाव कोरतो, याला मी लोकभक्ती म्हणणार नाही.

मिलानमुक्काम

कामानिमित्त मिलानला राहते म्हणून लिहिते. ३८६ साली इथले बिशप आंब्रोज यांनी गेर्वासियस आणि प्रोतासियस या दोन हुतात्म्यांची हाडं जमिनीतून काढली. तोवर त्यांची नावं कुणाच्या फारशी लक्षात नव्हती. नवं चर्च बांधून तयार होतं, आणि लोक मागे लागले होते की आधीच्या एका चर्चमध्ये ठेवली तशी यातही हुतात्म्यांची हाडं ठेवा. ती सापडली, गर्दी उसळली, एक आंधळा बरा झाला म्हणतात. बादशाही दरबाराशी आंब्रोजचा झगडा तेव्हा नुकताच होऊन गेला होता. मागे आईला घेऊन त्या चर्चच्या तळघरात गेले होते. काचेआड तीन सांगाडे शेजारी शेजारी, मधला आंब्रोजचा, अंगावर पूर्ण पोशाख. आई पंढरपूरची, सगळं आयुष्य वारकरी. तिने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, यांची पुण्यतिथी कधी? मला सांगता आली नाही, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितली: १९ जून.

निर्मळतळं, तुमचं म्हणणं इथे दोन्हीकडून खरं वाटतं. आंब्रोजनी उकरलं, पण लोकांनी मागितलं म्हणून.

कुंकळ्ळीकर

चर्चा चांगली चाललीय, पण एक नियम कुणीच काढला नाही. साधारण ३०० च्या सुमारास स्पेनमध्ये एल्विराला बिशपांची सभा भरली. तिचा ६० वा नियम सांगतो की कुणी मूर्ती फोडली आणि तिथेच मारला गेला, तर त्याला हुतात्म्यांत धरू नये. कारण शुभवर्तमानात तसं लिहिलेलं नाही आणि प्रेषितांनी तसं कधी केलेलं नाही.

आता गोव्यातली १५८३ ची कुंकळ्ळी बघा. रोदोल्फो आक्वाविवा आणि त्यांच्याबरोबरचे चार जेझुइट आमच्या गावात मारले गेले. त्याआधी आमची देवळं पाडली होती, आणि त्या पाचांतले एक, पिएत्रो बेर्नो, त्या मोहिमांत होते. १८९३ ला पाचही जण ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित झाले. सूड म्हणून आमच्या गावकरांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून दग्याने मारलं. त्यांची नावं किती जणांना माहीत आहेत? एल्विराचा नियम कुठे गेला?

निर्मळतळं

धागा पहिल्या तीन शतकांवर आहे. कुंकळ्ळी १५८३. दर वेळी ख्रिस्ती विषय निघाला की गोव्याची इन्क्विझिशन आणि कुंकळ्ळी आणायची, याचा मला कंटाळा आलाय. आमच्या गावात माझ्या आजीला पोर्तुगीज शब्दही माहीत नव्हता. २ नोव्हेंबरला ती आपल्या माणसांच्या कबरी धुवायची, मेणबत्ती लावायची. तिने त्या पाचांच्या कर्माचा जाब का द्यायचा?

कुंकळ्ळीकर

तुमच्या आजीकडे कोण जाब मागतंय? हे वाक्य मागे घ्या. मी तुमच्याच विषयातला नियम काढला, तुमच्याच काळातला. तुम्ही म्हणता संत लोक ठरवतात. मग सांगा, कुंकळ्ळीच्या लोकांनी कुणाला ठरवलं?

उत्तर मीच देतो. आमची शांतादुर्गा त्या काळात फातर्पेला हलली. दर वर्षी तिची छत्र्यांची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीला, जुन्या जागी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या. वांगड म्हणजे मूळ गावकरांची घराणी, त्यातली काही पुढे किरिस्तांव झाली आणि तीही येतात. गुलालाने रस्ता लाल होतो. माझे आजोबा धोतर गुलालात बरबटून घरी यायचे आणि ते धुवायला द्यायचे नाहीत. ज्यांना असोळणेला मारलं त्यांचं स्मारक अगदी अलीकडचं. तोवर चारशे वर्षं ही आठवण घरोघर चालली. ना शिक्का, ना यादी.

बखरवाचक

कुंकळ्ळीकर, तुम्ही अजाणता धागाकर्तीचीच बाजू मजबूत केलीत. :) पण नियम ६० चा मुद्दा मात्र माझ्या बाजूचा आहे. ‘धरू नये’ म्हणजे कुठे? यादीत. यादी कुणाची? बिशपांची. लोक तर मूर्ती फोडणाऱ्यालाही डोक्यावर घेत असणार, नाहीतर असा नियम करायची वेळच आली नसती.

ठाणेपश्चिम

कुंकळ्ळीवरून आठवलं, ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन (ख्रिस्ती साधू) मारले गेले, तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती. पुढे ओडोरिक नावाचे फ्रान्सिस्कन आले आणि त्यांची हाडं घेऊन थेट चीनला गेले. आम्ही ठाण्यात जन्मलो, शाळेत ‘तलावांचं शहर’ पाठ केलं, हे कुणी सांगितलं नाही. हाडं गेली, म्हणून इथली आठवणही गेली का?

निर्मळतळं

ठाणेपश्चिम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर फ्रान्समधल्या लियोंमध्ये आहे. १७७ साली तिथे मारलेल्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर टाकली, मग जाळून राख ऱ्होन नदीत लोटली. हेतू हाच की मागे काही राहू नये, पुनरुत्थानाची आशा राहू नये. हाडं नाहीत, थडगं नाही. तरी ब्लांदिना या गुलाम बाईचं नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण तिथल्या मंडळींनी आशियातल्या आपल्या बांधवांना पत्र लिहिलं. ती बारीक अंगाची, तिला हा छळ झेपणार नाही असं तिच्या मालकिणीलाच वाटत होतं, इथवर त्यात आहे. ठाण्याच्या चौघांबद्दल लिहिलं गेलं ते दूरच्या वाचकांसाठी, ठाण्यात ते कुणी वाचणारं उरलं नाही.

कुंकळ्ळीकर, तुमच्या आजोबांबद्दल वाचून माझा आवाज खाली आला. आजीचं वाक्य तुम्हाला लागलं असेल तर मागे घेते. कंटाळ्याबद्दल मात्र बोलले ते कायम.

बखरवाचक, लुसिलाचं मान्य, बिशपांचं नियंत्रण होतं. पण किती चालायचं ते बघा. ४०१ च्या कार्थेजच्या सभेने ठरवलं की शेतात, रस्त्याकडेला लोकांनी हुतात्म्यांच्या नावाने वेद्या उभारल्यात, स्वप्नात कुणी दिसलं म्हणून उभारल्यात, त्यात हाडं नसतील तर त्या पाडाव्यात. आणि पुढे काय जोडलंय? दंगा होईल अशी भीती असेल तर निदान लोकांना समजावून सांगावं की तिथे जाऊ नका. जिथे बिशप वेदी पाडायला घाबरतो, तिथे ठरवतंय कोण?

बखरवाचक

ती पुरवणी मी विसरलो नव्हतो, पण तुम्ही ती चांगली वापरलीत, एवढं देतो. तरी फ्रान्समधल्या तूर गावच्या बिशप मार्टिनचं काय? गावकरी एका थडग्याला हुतात्मा म्हणून पूजत होते. मार्टिननी चौकशी केली, नाव नाही, काळ नाही, कुणाला काही सांगता येईना. चरित्रकार लिहितो की थडग्यातल्या माणसाची सावली उठली आणि तिने कबूल केलं की मी दरोडेखोर होतो, गुन्ह्यासाठी मारला गेलो. वेदी हलवली. लोकांनी ठरवलं होतं, बिशपने मोडलं. माझ्या आजोळी रस्त्याकडेच्या एका शेंदूर फासलेल्या दगडाला चार पिढ्या नारळ फुटायचे, रस्ता रुंद करताना कळलं की तो हद्दीचा दगड. लोक चुकतात हो.

निर्मळतळं

चुकतात. पण मार्टिननी तिथे काय विचारलं ते तुम्हीच लिहिलंय: नाव काय, कधी मेला. याच दोन गोष्टी ३५४ च्या यादीत आहेत आणि यातली तारीख सिप्रियननी तुरुंगात मरणाऱ्यांचीही लिहून ठेवायला सांगितली. ही कसोटी लोकांच्या आठवणीचीच होती. ज्याला आठवणारं कुणी नाही त्याची वेदी गेली.

कुंकळ्ळीकर

मागे घेतलंत, विषय संपला. पण ६० व्या नियमाला तुम्ही अजून हात लावला नाहीत.

निर्मळतळं

लावते. त्या नियमाने पाहिलं तर बेर्नोंना यादीत घेणं मला पटत नाही. बाकी चौघांबद्दल, विशेषतः अकबराच्या दरबारात तीन वर्षं काढून परत आलेल्या आक्वाविवांबद्दल, मी तसं म्हणणार नाही. आमच्या घरात हे वाचून सगळे खूश होणार नाहीत.

कुंकळ्ळीकर

आक्वाविवांवर आपलं जमणार नाही. मिरवणूक होळीच्या दिवसांत असते, शिगम्यात. यायचं तर आधी कळवा, मडगावहून गाडी मिळते.

बखरवाचक

शीर्षकाखाली ‘लोकांनी, बिशपांच्या देखरेखीखाली’ एवढं तरी घाला.

निर्मळतळं

‘देखरेखीखाली’ घालणार नाही. ‘बिशपांशी भांडत’ चालेल का?