एमएस असताना ताण कसा सांभाळता? कोकण किनाऱ्यावरच्यांनी लिहा

मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा धागा काढतेय. 'टेन्शन घेऊ नकोस' असं आपल्याला सगळेच सांगतात, पण ते कसं, हे कुणी सांगत नाही. तेवढंच इथे लिहू या. औषधांची तुलना नको, ते ज्याने त्याने आपल्या न्यूरॉलॉजिस्टला विचारावं.

सुरुवात मी करते. रत्नागिरीत शाळेत शिकवते. एप्रिल-मेमध्ये दुपारी घरी येईपर्यंत डावा डोळा धुरकट व्हायचा आणि दर वेळी पोटात गोळा यायचा, आला अटॅक! मग डॉक्टरांनी नीट बसून समजावलं. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचं मायलिनचं आवरण खाते. आवरण गेलेल्या नसेतून अंग जरा तापलं तरी संदेश अडखळतात आणि जुनी लक्षणं वर येतात. अंग निवलं की जातात. याला उथॉफचं लक्षण म्हणतात. त्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच ते नोंदवलं होतं. यात नवं नुकसान होत नाही. ताप किंवा संसर्ग नसताना नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर मात्र रिलॅप्सची, म्हणजे खऱ्या नव्या अटॅकची, शंका घ्यायची आणि डॉक्टरांना फोन करायचा.

आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याने भागत नाही. मी मानेभोवती ओला पंचा गुंडाळून पडवीत बसते आणि घड्याळ बघते. डोळा निवळला की उठते. माझी निम्मी भीती या एका माहितीने गेली.

दापोली तालुक्यातून, पेशंटचा नवरा

आमच्याकडे ताण म्हणजे फ्रिज. बायकोचं एमएसवरचं इंटरफेरॉनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि पुढे कित्येक दिवस अंधार. मी हर्णै बंदरावरून बर्फ आणला, मासळीचा. थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फ, वर जाड टॉवेल, त्यावर डब्यात इंजेक्शनं. बर्फाला चिकटू द्यायची नाहीत, कारण गोठलेलं औषध फुकट जातं. त्या दिवसांत ती रात्री झोपत नव्हती, सारखी पेटी उघडून बघायची.

आता पावसाळ्याआधीच तयारी असते. पेटी, आत ठेवायचा थर्मामीटर, जेलपॅक, आणि इन्व्हर्टर असलेल्या शेजाऱ्यांशी आधीच बोलणं. कुठलं औषध फ्रिजबाहेर किती दिवस चालतं ते त्याच्या पत्रकात असतं, ते कापून फ्रिजच्या दारावर चिकटवलंय. वारा सुटला की ती आता पेटीकडे नाही, माझ्याकडे बघते. एवढा फरक पुरे आहे आम्हाला.

मालवणहून

चतुर्थीला आमच्या घरात मुंबईचे चाकरमानी मिळून पंचवीस-तीस माणसं. मला पायापेक्षा थकवा जास्त छळतो. हा थकवा झोपून जात नाही, हे लोकांना पटत नाही. दिसायला मी धडधाकट. म्हणून सासूबाईंनीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ही दुपारी खोलीत पडणार, कुणी हाक मारायची नाही. मला म्हणाल्या, "गो बाय, तू बस. माका सांग काय करूचा ता." मी मोदकांच्या पाऱ्या सकाळी, थंडाव्यात, बसून करते. उरलेलं जावा बघतात.

देवळात कौलही लावला, गाऱ्हाणं घातलं. माझी श्रद्धा आहे, मी हात जोडले. पण इंजेक्शन थांबवायचं नाही, हे सासूबाईंनी गुरवांसमोरच सांगितलं. त्या दिवशी माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं!

अलिबागहून

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो 'तू फार विचार करतोस म्हणून तुला हे झालं' या वाक्याचा. ते खरं नाही. एमएस होण्यामागे जनुकं, एपस्टाइन-बार विषाणू, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान अशा अनेक गोष्टी असतात. ताणाचा रिलॅप्सशी संबंध अभ्यासांत दिसतो, पण अमुक भांडणामुळे अमुक अटॅक आला असं एका माणसाबद्दल सांगता येत नाही.

२०१२ साली १२१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २४ आठवडे ताण सांभाळण्याची शिकवणी घेणाऱ्यांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये त्या काळात नवे डाग कमी दिसले. शिकवणी संपल्यावर फायदा टिकला नाही. म्हणून माझ्यासाठी हे दात घासण्यासारखं आहे, रोजचं. सकाळी ऊन चढायच्या आत किनाऱ्यावर ओल्या वाळूतून चालतो, रात्री श्वासावर लक्ष ठेवून पडून राहतो. गोळ्या चालूच आहेत, त्यांच्या जागी हे नाही.

वेंगुर्ल्याहून

बंदरावर काम. तोल जातो, तर लोक म्हणायचे पिऊन आलाय. दारूला कधी शिवलो नाही, त्यामुळे फार लागायचं. काठी घेतली आणि बोलणी थांबली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. बऱ्याच सवलतींना प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

कणकवलीहून

लघवीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. तपासणीला घाट चढून कोल्हापूरला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून धडधड. एसटी मध्येच थांबेल का, स्टँडवरचं बाथरूम कसं असेल, याच काळज्या. म्हणून पाणीच प्यायचे नाही. डॉक्टर म्हणाले, त्याने लघवीचा संसर्ग होतो, संसर्गाने पाय जड होतात आणि मग पुन्हा अटॅकची भीती. आता पाणी पिते, पॅड वापरते, कंडक्टरला चढतानाच सांगते. आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही. मुंबईला जायचं तर रेल्वेच, तिथे सोय असते.

आणखी एक. मधे मला काहीच नको वाटायचं, जेवणही नाही. हा ताण नव्हता, डिप्रेशन होतं. एमएसमध्ये ते पुष्कळांना होतं आणि त्यावर उपचार आहेत. घरात बोलायची चोरी होती, म्हणून आधी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन केला. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मग आमच्या न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं, त्यांनी गोळी सुरू केली. आता दोन वेळा जेवते. कुणाला असं वाटत असेल तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका, आजच फोन करा.