बाबांच्या जुन्या एक्सटीवर सुरू होतानाच मेनू यावा, काय करू?

कृष्णाकाठची:
बाबा ७८ वर्षांचे आहेत. सांगलीत टॅक्सची कामं करायचे. त्या वेळचा पीसी-एक्सटी (ऐंशीच्या दशकातला कॉम्प्युटर) त्यांनी भंगारात दिला नाही, पलंगाशेजारी टेबलावर ठेवलाय. हिरवा मोनोक्रोम मॉनिटर, २० एमबीची हार्ड डिस्क, एमएस-डॉस ३.३ (कमांडी टाइप करून चालणारी जुनी प्रणाली). भावाने एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दुरुस्त करून आणला आणि मशीन चक्क सुरू झालं. आता बाबांना वर्डस्टारमध्ये (मजकूर लिहायचा प्रोग्रॅम) आठवणी लिहायच्यात आणि लोटसमध्ये (हिशेबाच्या तक्त्यांचा) घरखर्च. पण सी प्रॉम्प्ट, म्हणजे कमांडीची वाट बघणारी ओळ, समोर आला की अडतात. आधी सीडी (डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, बदलायची कमांड), मग डिरेक्टरी, मग प्रोग्रॅमचं नाव, हे सगळं बोटांत होतं त्यांच्या. आता मधलंच काहीतरी विसरतात आणि माझ्याकडे बघतात. ते बघणं मला झेपत नाही. मशीन लावलं की चार ओळींचा मेनू यावा, आकडा दाबला की काम सुरू व्हावं, एवढंच हवंय. मला विंडोजपलीकडचं काही येत नाही.

निशाचर:
डॉसशेल टाइप करून बघा. नाहीतर चॉइस कमांड (दाबलेली की ओळखते) वापरून बॅच फाइल (ओळीने कमांडी लिहिलेली फाइल) लिहा, पाच मिनिटांचं काम आहे.

खडूफळा:
निशाचर, त्या मशीनवर यातलं काहीच नसणार. डॉसशेल डॉस ४ पासून आलं, चॉइस तर ६ मध्ये, म्हणजे १९९३ साली. ताई, ३.३ वर जे आहे त्यातच भागवायचं. आणि भागतं. नव्वदीत कराडला माझा कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर काढून आत यायचं आणि एसी माणसांसाठी नाही, मशीनसाठी. प्रत्येक बॅचला सीडी शिकवत बसलो असतो तर तास तिथेच संपला असता. म्हणून सगळ्या मशीनवर हीच युक्ती करून ठेवली होती.

गंमत अशी की मेनूचा वेगळा प्रोग्रॅम लागतच नाही. तुम्ही १ टाइप करून एंटर मारलंत की डॉस १ नावाची फाइल शोधतो, आधी कॉम, मग ईएक्सई, मग बॅट. तर १.बॅट, २.बॅट अशा फाइली करून ठेवायच्या. पडद्यावर असतो तो नुसता मजकूर. बाबांना वाटेल मेनू आहे, डॉसला वाटेल नेहमीसारखी कमांड आली.

(कमांडी इथे नागरीत लिहितोय, मशीनवर अर्थात रोमन.)

एमडी \मेनू करून डिरेक्टरी बनवा. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये (मशीन सुरू होताच आपोआप चालणारी फाइल) पाथच्या (डॉसने प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या यादीच्या) ओळीला शेवटी ;सी:\मेनू जोडा आणि त्या फाइलीची अगदी शेवटची ओळ ठेवा: मेनू. मग सी:\मेनू मध्ये १.बॅट अशी:

@इको ऑफ
सीडी \डब्ल्यूएस
डब्ल्यूएस
मेनू

आणि मेनू.बॅट अशी:

@इको ऑफ
सी:
सीडी \
सीएलएस
इको १ आठवणी
इको २ घरखर्च
प्रॉम्प्ट आकडा टाका:

शेवटच्या ओळीमुळे सी प्रॉम्प्टच्या जागी "आकडा टाका" दिसेल. निम्मी भीती तिथेच जाते. १.बॅटमध्ये मेनूच्या आधी कॉल लावायचा मोह होईल, लावू नका. कॉल न लावता एका बॅचमधून दुसरी बोलावली की पहिली तिथेच संपते, आणि आपल्याला तेच हवंय.

लिहायला एडलिनच्या (डॉसच्या एडिटरच्या) वाटेला जाऊ नका. कॉपी कॉन १.बॅट, ओळी टाइप करा, शेवटी एफ-६ आणि एंटर. एंटर मारलं की मागच्या ओळीला हात लावता येत नाही, तेवढं सावकाश. पण ऑटोएक्झेक आधीच असेल, त्यावर कॉपी कॉन केलंत तर जुनी पुसली जाईल. ती वर्डस्टारमध्येच उघडा, मात्र एन दाबून, डी दाबून नाही. डी मोडमध्ये वर्डस्टार अक्षरांत आपल्या खुणा घुसडतो आणि डॉसला त्या कळत नाहीत.

कृष्णाकाठची:
काका, मेनू आला पण रिकामा! मी जरा छान दिसावं म्हणून "इको १ --> वर्डस्टार", "इको २ --> लोटस" असं लिहिलं होतं. पडद्यावर काहीच नाही. १ दाबलं तर वर्डस्टार मात्र उघडतं.

खडूफळा:
हा हा. आता सी:\ ची डीआयआर (फाइलींची यादी) बघा. वर्डस्टार आणि लोटस नावाच्या दोन नव्या फाइली दिसतील. टाइप कमांडने आतला मजकूर बघितलात तर एकीत "१ --" आणि दुसरीत "२ --". तो बाण म्हणजे डॉससाठी "पडद्यावर नको, या फाइलीत टाक". त्याने आज्ञाधारकपणे टाकलं. दोन्ही उडवा.

छान दिसायचंच असेल तर मजकूर मेनू.टीएक्सटी मध्ये वेगळा लिहा आणि इकोच्या ओळी काढून टाइप सी:\मेनू\मेनू.टीएक्सटी अशी एकच ओळ ठेवा. मग आत बाण काढा नाहीतर तोरण बांधा. शिवाय एक्सटीवर इको ओळ ओळ खरडत येतं, टाइप सगळं एकदम ओततं. चौकटीसाठी ऑल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या नंबर पॅडवर २०१, मग २०५ हवे तितके, मग १८७. बाजूला १८६, खाली २०० आणि १८८. माझ्या पोरांना हे आकडे पाढ्यांच्या आधी पाठ होते.

निशाचर:
काका, एंटर तरी कशाला मारायला लावता? डॉसच्या डीबग प्रोग्रॅममध्ये चार ओळी: मूव्ह एएच,०८, इंट २१, मूव्ह एएच,४सी, इंट २१. आठ बाइटची कॉम फाइल होते. दाबलेल्या कीचा आस्की आकडा (अक्षराचा ठरलेला क्रमांक) एररलेव्हलमध्ये (प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो आकडा) मिळतो, १ साठी ४९. त्यावर इफ लावून गोटू (बॅचमधल्या हव्या त्या ओळीवर उडी).

खडूफळा:
पठ्ठ्या, हे बरोबर आहे. फक्त इफ एररलेव्हल ४९ म्हणजे "४९ किंवा जास्त", म्हणून मोठा आकडा आधी तपासावा लागतो. पण इथे मला ते नकोय, आणि त्याचं कारण मेनू नाही, डिस्क आहे. ताई, मशीन बंद करण्यापूर्वी बाबा काही टाइप करतात का?

कृष्णाकाठची:
हो! पार्क. ते कधीच विसरत नाहीत. मग पुन्हा प्रॉम्प्ट येतो आणि ते बटण बंद करतात.

खडूफळा:
शाबास. त्या काळच्या २० एमबीच्या डिस्कची हेडं (डिस्क वाचणारी टोकं) वीज गेल्यावर आपोआप बाजूला जात नाहीत, बहुधा तुमचीही त्यातलीच. पार्क त्यांना सुरक्षित जागी नेऊन ठेवतं. आता मेनूत "९ बंद करा" घालून ९.बॅटमध्ये पार्क लिहिलंत तर? डॉस बॅच फाइल एकदम वाचत नाही, एकेक ओळ वाचतो. पार्क संपल्यावर पुढची ओळ आहे का हे बघायला तो पुन्हा डिस्ककडे जाऊ शकतो आणि ठेवलेली हेडं उठवू शकतो. निशाचरच्या गोटूवाल्या मेनूतही तेच. म्हणून ९.बॅट करूच नका. मेनूच्या खाली नुसतं लिहा: "झालं की पार्क". पार्क.कॉम पाथमध्ये आहे, प्रॉम्प्टवर थेट चालेल, मागे बॅच फाइल उरणार नाही.

कृष्णाकाठची:
तसंच केलं. काल बाबांनी मला उठवून स्वतः खुर्चीत बसून कॉपी कॉन ३.बॅट केलं. बघून नाही, एकदाही न थांबता. मी म्हटलं ३ म्हणजे काय, तर म्हणाले "डिगर". तो खेळ सीजीएसाठी (रंगीत पडद्याच्या कार्डासाठी) आहे ना, आमच्या हिरव्या मॉनिटरवर येत नाही. आधी सिमसीजीए (सीजीएची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवावं लागतं आणि त्याची फ्लॉपी बुरशीने गेलीय. ३६० केबीवाली कोणाकडे धड आहे का?