कडू चवीचं जनुक आणि आईचा दमा

प्रश्न (अक्कलकोट रोड, सोलापूर): आई टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरते. घरी येते तेव्हा भुवयांवरसुद्धा सुताची पिंज असते. रात्री दम लागतो. कडू चव ओळखणारी टीएएस२आर जनुकं दम्याच्या औषधाचं लक्ष्य ठरू शकतात, असं वाचलं. कारल्याचा रस सुरू करू का?

प्रतिसाद १: रस पोटात जातो हो, श्वासनलिकेत नाही. माणसात अशी साधारण २५ जनुकं आहेत. त्यांच्यापासून बनणारे रिसेप्टर, म्हणजे कडूपणा ओळखणारे पेशीवरचे संवेदक, श्वासनलिकेच्या स्नायूंवरही असतात, हे २०१० मध्ये समोर आलं. क्लोरोक्विन (मलेरियाचं कडू औषध), सॅकरिन (साखरेऐवजी वापरतात ते, मागे कडवट चव ठेवणारं) यांनी ते चेतवले की पेशीत कॅल्शियम वाढतं. एरवी त्यानं स्नायू आखडतो, इथे मात्र सैल पडतो! म्हणूनच मला या संशोधनाकडून फार आशा आहे.

प्रतिसाद २: पण दम्यासाठी तसं औषध अजून दुकानात नाही. आईंचा इन्हेलर बंद करू नका. आणि सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का? कापसाच्या धुळीच्या आजाराची ती खूण असते. डॉक्टरांना कामाचं स्वरूप नक्की सांगा.

प्रश्नकर्ता: हो, सुट्टीनंतरच जास्त होतं. हे कुणी विचारलंच नव्हतं. उद्याच नेतो.