बॅटरीच्या शेअरमध्ये पैसे टाकावेत का?

मंडळी, ईव्ही वाढतायत म्हणून एक्साइड नाहीतर अमरा राजा घ्यायचा विचार चाललाय, चार-पाच वर्षं ठेवायची तयारी आहे, कोणी घेतलाय का?

>> घाई नको रे. दोघांचा मुख्य धंदा अजून लेड-अ‍ॅसिडचाच, म्हणजे तुझ्या इन्व्हर्टरखालची ती पाणी घालायची बॅटरी. ईव्हीच्या बॅटरीत लागणाऱ्या लिथियम सेलचे कारखाने काढलेत, एक्साइडने बंगळुरूला, अमरा राजाने तेलंगणात, पण देशात सेल अजून जास्त करून चीनमधूनच येतात. सरकारने 2021 ला 18,100 कोटींची पीएलआय आणली, म्हणजे देशात माल बनवला की कंपनीला पैसे देणारी योजना, टार्गेट 50 गिगावॅट-तासांचे सेल बनवायची क्षमता, योजना मात्र रखडलीच.

>> केमिस्ट्री पण बघ. एलएफपीत, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटरीत, निकेल-कोबाल्ट लागत नाही म्हणून स्वस्त पडते, उद्या लिथियमऐवजी सोडियमची बॅटरी चालली तर परत सगळं गणित बदललं.

>> मी टीप ऐकून एक घेतलेला, अजून तोट्यात आहे, बायको दर रविवारी विचारते