बूट भरली म्हणून जुनी कर्नलं सरसकट उडवायची?

पऱ्हाटीवाला: कर्नल म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सचा गाभा; अपडेटमधी नवं येते, जुनं बूट फोल्डरात पडून रायते. काल एका भाऊनं इथं लिवलं, "चालू कर्नल ठेवा, बाकी सगळी अडगळ, उडवा." वाचून डोकं तापलं. मागच्या जुलैत मी हेच केलं ना बाप्पा. पीक विम्याचा शेवटचा आठवडा, दुकानासमोर लोकं सातबारा घेऊन उभे, उबुंटूचं अपडेट झालं, रीस्टार्ट मारला, स्क्रीन आली म्हणजे झालं काम म्हणून जुनी कर्नलं सगळी पर्ज करून उडवली आन मंग पाह्यतो तं वायफाय डोंगल मेलेला. त्याचा ड्रायव्हर जुन्या कर्नलवर हातानं बनवला होता, नव्यासाठी परत बनवा लागते, आन ज्याच्यावरून बनवते ते सोर्सचं फोल्डर मीच डिलीट केलेलं. नेट नाही तं ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही तं नेट नाही.

साफसफाई: तो भाऊ मीच. त्यासाठीचं टूल असतं, डीकेएमएस; ते वापरलं असतं तर ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपोआप बनला असता, चूक तुमची आणि बोल कर्नलला. माझी डिस्क इन्क्रिप्टेड, म्हणून बूटचं पार्टिशन वेगळं, फक्त 512 एमबी. एकेक इनिटआरडी, म्हणजे प्रत्येक कर्नलसोबतची बूट होताना लागणारी फाइल, शंभर एमबीच्या घरात. चौथं कर्नल आलं की जागा संपते, पॅकेज अर्धवट लटकतं आणि मग पॅकेजं टाकणारं एपीटी साधा व्हीएलसी प्लेयरसुद्धा टाकू देत नाही. आणि नेट नव्हतं तर मोबाइल यूएसबीला लावून टेदरिंग करायचं की!

पऱ्हाटीवाला: टेदरिंग म्हणे! रेंज गच्चीवर, कॉम्प्युटर खाली. लाइन गेली का टॉवरबी अर्ध्या तासात बसते. पुण्यात बसून सांगाले काय जाते?

साफसफाई: मी आर्वीचा आहे, वर्धा जिल्ह्यातला.

हिंगणघाटी: लाइनचा विषय काढलाच तं ऐका. आमच्याकडं मे महिन्यात 46 डिग्री, दुपारी लाइन गेली का कधी येईन भरोसा नाही, शेतातली थ्री फेज रात्री येते म्हणून माणूस साप-विंचवात ओलिताले जाते, इन्व्हर्टरची बॅटरी दोन उन्हाळ्यात फुगली, दुकानदार म्हणते वॉरंटीत बसत नाही.

साफसफाई: विषय कर्नलचा आहे दादा.

हिंगणघाटी: तेच सांगून रायलो ना! इनिटआरडी बनता बनता लाइन गेली. चालू केलं तं कर्नल पॅनिक, बूटच होईना. शिफ्ट दाबून ग्रबचा बूट मेनू, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मागचं कर्नल, मशीन उठली. ते उडवलं असतं तं काय तुमची पोस्ट बूट केली असती?

रिटायर मास्तर: भांडू नका. मी तर बूटमधल्या फाइली सरळ आरएम या डिलीटच्या कमांडने उडवल्या होत्या, कोणतं कर्नल चालू आहे ते यूनेम मायनस आर कमांडने न बघता. चालू होतं तेच गेलं. मुलगा नागपूरहून पेनड्राइव्ह घेऊन आला, तोवर आठ दिवस मशीनवर टॉवेल झाकून ठेवला होता.

साफसफाई: मास्तर, आरएम मी कुठे म्हटलं? एपीटीचं ऑटोरिमूव्ह चालवा, ते नको असलेली पॅकेजं काढतं पण चालू आणि सगळ्यात नवं कर्नल सोडतं, शक्यतो आधीचंही एक ठेवतं. फक्त हातानं टाकलेल्या कर्नलला ते हात लावत नाही, ते आपण काढायचं.

पऱ्हाटीवाला: म्हणजे आधीचं एक ठेवाच लागते! मंग "सगळी अडगळ" काहून लिवलं?

साफसफाई: बरं, एक ठेवा. लोणचं घालून ठेवा. पोस्ट दुरुस्त करतो, पण आत्ता नाही, लाइन गेली.